जाळीआडची कोथिंबीर

२००६ साल. मला सदुसष्टावं लागलं होतं, आणि फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासूनचा तो तिसरा हिवाळा. दिवाळी सरली, सकाळी फरशीवर पाय टेकला की टाचा आखडायला लागल्या, तेव्हा मी माळ्यावरून बियाचा डबा खाली काढला.

दुधाच्या पावडरीचा जुना डबा. त्यात चुलीची राख, कडुलिंबाचा वाळका पाला आणि दोन मुठी धने. बाजारातल्या धन्यांपेक्षा बारीक, रंगाला जरा काळपट. वीस दाणे मोजून घेतले, ओल्या फडक्यात बांधले आणि पुरचुंडी ओट्याखाली उबेला ठेवली. बाराव्या दिवशी सोडून बघितलं. सहा दाण्यांना मोड आले होते. आदल्या साली बाराला आले होते, त्याच्या आदल्या साली सतराला. मी तिसरी शिकलेला माणूस आहे, पण एवढं गणित मला येतं. ह्या हिवाळ्यात नवं बी धरलं नाही तर पुढच्या दिवाळीला त्या डब्यात बी नसणार, आमटीत टाकायचा मसाला असणार.

ही कोथिंबीर काय होती ते सांगायला पाहिजे. आमचं रान धायरीत, आता आमची बिल्डिंग उभी आहे तिथंच. चौथ्या मजल्यावर मी झोपतो तिथून सरळ खाली ओळंबा सोडला तर विहिरीजवळचा तिसरा वाफा लागेल. त्या रानात आम्ही तीन पिढ्या पालेभाजी केली. मेथी, शेपू, चुका सगळं केलं, पण नाव होतं कोथिंबिरीचं. पान बारीक, दांडी जांभळट, उंची वीतभर. दिसायला काही नाही. पण मार्केट यार्डात आमच्या जुड्या उतरल्या की अडत्या मान वर न करता म्हणायचा, धायरीवाले आले. हल्ली जी येते तिची पानं तळहाताएवढी असतात आणि वास घ्यायला नाक जुडीत खुपसावं लागतं.

बी घराबाहेर द्यायचं नाही, ही वडलांची रीत. वडील तरी एखाद्याला चिमूटभर देत असतील. मी कुणाला दिलं नाही. चुलतभावानं एकदा तोंड उघडून मागितलं तर मी त्याला म्हणालो, दुकानं उघडी आहेत. त्यामुळं रान गेलं तेव्हा ही कोथिंबीर साऱ्या गावात दुसऱ्या कुणाकडं एक काडीही नव्हती. त्याला कारण मीच.

रान गेलं त्या साली बिल्डरचं मशीन ठरल्यापेक्षा पंधरा दिवस आधी आलं. बियाला सोडलेला वाफा अजून हिरवा होता. विहिरीच्या कडेला एक कोपरा तेवढा पिकला होता, तो उपटून घेतला. त्याचे हे धने.

मग इतकी वर्षं मी ते पेरले का नाहीत, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मला विचारला नाही, पण सगळ्यांच्या मनात होता. मी जमीन शोधत होतो. पानशेतकडं पाहिली, पुरंदरात पाहिली, मुळशीला दोनदा जाऊन आलो. एक पसंत पडेना. कुठं पाणी मचूळ, कुठं माती हलकी, कुठं शेजारी फार बोलका. मुलगा एकदा म्हणाला, "आबा, तोवर कुंडीत लावा ना थोडी." मी म्हणालो, "कुंडीत तुळस लावतात." हे मी चार पाहुण्यांच्या देखत म्हणालो होतो, त्यामुळं ते मोडता येईना.

ओल्या फडक्यातले सहा मोड बघितल्यावर मी मार्केट यार्डात गेलो आणि ओळखीच्या गाळ्यावरून टोमॅटोचे प्लास्टिकचे पाच क्रेट आणले. नऱ्ह्याच्या एका गोठ्यातून शेणखत, कॅनॉलच्या कडेची पोयट्याची माती. क्रेटना आतून गोणपाट लावलं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "कुंडी न्हाई ही," ती म्हणाली. "क्रेट हाय."

ती लग्नापासून अशीच आहे.

धन्याच्या एका गोळीत दोन बिया असतात. पेरायच्या आधी त्या चपलेखाली रगडून वेगळ्या करायच्या. हे अंगणातलं काम. अंगण नव्हतं, म्हणून हॉलमध्ये फरशीवर गोणपाट टाकलं, एका पायात चप्पल चढवली आणि सुरू केलं. सून ऑफिसची बॅग घेऊन निघाली होती, ती थांबली.

"मामाजी, काही शोधून राहिले का?"

"पेरणी चाललीय."

"बरं," ती म्हणाली आणि माझ्या चपलेकडं बघत बघत गेली.

ही सून वर्ध्याकडची. मुलगा आणि ती हिंजवडीला एकाच कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे, तिथंच त्यांचं जमलं. लग्नाला मी नाही म्हणालो नव्हतो. हो पण म्हणालो नव्हतो. तिच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती नवी असताना तिनं जेवताना मला विचारलं, "वरणावर सांबार टाकू का?" त्या दिवशी मी एक भाकरी कमी खाल्ली.

तेव्हा गॅलरी उघडी होती, दक्षिणेची. एक मूठ बी तीन क्रेटमध्ये पेरलं. पाणी दिलं ते रानात द्यायचो तसं, वाफा भरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ चिठ्ठी लागली. आमच्या खाली तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, पेठेतून इकडं आलेले. अक्षर सुरेख. "चौथ्या मजल्यावरील कॅनॉलचे आवर्तन सुरू झाल्याचे समजले. खालील लाभधारकांस पाणी नको आहे. कृपया फाटक बंद करावे." सुनेनं संध्याकाळी क्रेटखाली पत्र्याचे ट्रे आणून ठेवले. चिठ्ठी आठवडाभर तशीच होती. येणारे-जाणारे ती वाचून वर बघायचे.

दहाव्या दिवशी कोंब वर आले. अकराव्या दिवशी अर्धे उरले. बाराव्या दिवशी क्रेटमध्ये नुसती उकरलेली माती आणि कबुतरांची घाण. रानात चिमण्या असत, साळुंक्या असत. त्या खाऊन खाऊन किती खातील, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो. चौथ्या मजल्यावरचं कबूतर ही निराळी जात आहे. त्याला दुसरं काहीच काम नाही.

डब्यात एक मूठ उरली.

मुलगा म्हणाला, "आबा, गॅलरी आत घेऊ या. सगळ्यांनी घेतलीय. बाहेरून बारीक जाळी, आतून सरकत्या काचा. डासांचंही काम होईल." माणूस आला, ॲल्युमिनियमच्या चौकटी स्क्रूनं पक्क्या बसवून गेला. गॅलरीची खोली झाली. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्यामुळं ऊन काचेतून थेट आत यायचं, दुपारी सोफ्याच्या पायापर्यंत. वारा नाही, पाखरू नाही. उरलेली मूठ मी त्या खोलीत पेरली, ह्या वेळी लोट्यानं मोजून पाणी देत.

तेव्हा सून दोन पाकिटं घेऊन आली. पाकिटावर हिरव्या गड्ड्याचं चित्र. ती आदल्या साली कंपनीच्या कामासाठी सहा महिने परदेशात होती, तिथं तिला कच्ची पानं खायची सवय लागली. आल्यापासून दुपारच्या डब्यात तिला तेच लागायचं. कॅम्पातून आणायची तर पानं घरी येईपर्यंत माना टाकायची.

"मामाजी, दोन क्रेट मला देता का? दोन्हींत लेट्यूसच आहे. तुमचं पेरता पेरता होऊन जाईन."

मला वाटलं, जे आपल्याला येतं ते तिनं मागितलंय. मी पाकीट घेतलं. बी बघितलं तर खसखशीपेक्षा जरा मोठं. मेथीला करतो तशी बोटाच्या पेराएवढी रेघ ओढली, बी सोडलं, माती लोटून थापली. बारा दिवस झाले. काही नाही.

"बी खोटं आहे," मी म्हणालो.

तिनं पाकिटाची मागची बाजू वाचली. "मामाजी, लेट्यूसचं नुसतं वरून टाकायचं असते. झाकायचं नाही. त्याला उजेड लागते उगवायला."

"बियाला उजेड लागत असता तर ते जमिनीत कशाला गेलं असतं?"

"पण हे नाही ना जात जी जमिनीत."

आतून बायकोचा आवाज आला, "तिचं तिला करू द्या की वं. तिच्या डब्याचं हाय ते."

सुनेनं दुसरं पाकीट फोडलं. ओल्या मातीवर बी भुरभुरलं, तळहातानं हलकं दाबलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते तिनं वरून पाणी उडवलं. चौथ्या दिवशी मातीवर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसायला लागलं, तेच ते. मी म्हणालो, थंडी वाढली म्हणून आलं. थंडी वाढली होती हे खरंच होतं.

पौषात माझी कोथिंबीर वीतभर झाली. जांभळट दांडी, बारीक पान, सगळं जसंच्या तसं. सकाळी गॅलरीचं दार उघडलं की वास हॉलमध्ये यायचा आणि मी जरा वेळ तिथंच उभा राहायचो. एकही पान तोडायचं नाही, असं मी घरात सांगून ठेवलं होतं. बियाला सोडलेल्या पिकाला हात लावत नाहीत. त्यामुळं बायको पोह्यांसाठी खाली जाऊन हातगाडीवरून जुडी आणायची.

"भाजीवाली विचारत व्हती," ती मला ऐकू येईल एवढ्या आवाजात सुनेला सांगायची, "मावशी, तुमच्या अंगाला कोथिंबिरीचा वास येतो आणि तुम्ही रोज कोथिंबीरच कशी नेता?"

"मग काय सांगितलं, आई?"

"म्हटलं, आमच्याकडं ती देव्हाऱ्यात ठेवलीय."

सून सकाळी साडेसहाला कात्री घेऊन गॅलरीत यायची. मी तेव्हा लोट्यानं पाणी देत असायचो. ती लेट्यूसची बाहेरची पानं कातरायची, आतला गाभा ठेवायची, चार दिवसांत तो पुन्हा भरायचा. आम्ही भाजी उपटणारी माणसं, मला ते कातरणं बघवायचं नाही, पण गाभा भरतो हे मी बघत होतो. ती आली की मी बाजूला सरकायचो, माझं झालं की ती सरकायची. बोलणं फारसं नसायचं. एकदा तिनं एक पान माझ्यापुढं धरलं. मी खाल्लं.

"कसं लागते?"

"पाणी चावल्यासारखं."

"त्याच्यावर लिंबू-मीठ घेतात मामाजी."

"मग लिंबू-मीठच खावं."

ती हसली. पुढं रोज एक पान धरायची आणि मी रोज खायचो.

संक्रांतीनंतर कोथिंबिरीला शेंडे सुटले आणि पांढऱ्या छत्र्या उघडल्या. तीन क्रेट फुलांनी भरले. काचेच्या आत, वाऱ्याशिवाय, एकही फूल झडलेलं नाही. रानात मी असा फुलोरा बघितला नव्हता. मी खालच्या बँकवाल्या गृहस्थांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, "आपण शेतकरी होतात हे ऐकून होतो. आज विश्वास बसला." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

त्याच सकाळी सून फुलांजवळ वाकून बघत होती.

"मामाजी, एक बोलू? फुलं तर खूप आली. पण इथे मधमाशा कुठून येणार?"

"माझ्या रानात मी कधी कुणाला आवतण दिलं नव्हतं."

"तिथे त्या आपल्या मनानं येत होत्या ना जी. इथे जाळी आहे."

"भोपळ्याला माशी लागते. कोथिंबिरीला लागत नाही."

हे मी खोटं म्हणून बोललो नाही. पन्नास वर्षं मी कोथिंबिरीचं बी धरलं होतं. फुलोरा आला की आम्ही त्या वाफ्याकडं जायचंच बंद करायचो. पाणी कमी करायचं आणि थेट दाणे काळवंडले की उपटायला जायचं. मधल्या पंधरा-वीस दिवसांत तिथं कोण येतं, काय करतं, हे बघायला आमच्यापैकी कुणाला वेळ होता? दाणे भरलेले मिळायचे, एवढंच माहीत. भोपळ्याचं माहीत होतं, कारण भोपळ्याचं फूल मोठं असतं आणि त्यात माशी दिसते.

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीतून कागद छापून आणला. इंग्रजी. वर चित्र होतं, पांढऱ्या छत्रीवर बसलेली माशी. चित्र मला वाचता आलं. मी कागद घेतला, घडी घातली आणि एका हलणाऱ्या क्रेटच्या कोपऱ्याखाली सरकवला. क्रेट हलायचा थांबला. तिनं ते बघितलं.

त्यानंतर मला खोकला झाला. चार-पाच दिवस मी सकाळी उशिरा उठत होतो. पाचव्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून लवकर उठून गॅलरीत गेलो, तर सून लेट्यूसच्या क्रेटांवरून वाकून, भिंतीकडच्या क्रेटमध्ये हात लांबवून उभी. एका हातात चित्रं रंगवायचा बारीक ब्रश. चष्मा कपाळावर सरकवलेला. एकेका फुलाला ब्रश टेकवत होती, एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, अगदी सावकाश.

"काय चाललंय?"

ती दचकली. "पॉलिनेशन करून राहिली होती मामाजी. चार दिवस झाले. म्हटलं, तुम्हाला बरं नाही तोवर..."

"पिकाला गुदगुल्या करून दाणा भरत नाही."

"करून पाहायला काय हरकत आहे जी?"

"आमच्यात अशी शेती करत नाहीत." इथं मी थांबायला हवं होतं. "ज्यांच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यांनी मला कोथिंबीर शिकवू नये."

तिनं चष्मा खाली घेतला. "बरं जी," ती म्हणाली. "तुमचं बी आहे. तुम्हीच पाहा."

ब्रश तिनं ऑफिसच्या बॅगेत टाकला आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती गॅलरीत यायची बंद झाली. माझ्याशी बोलायची, चहा द्यायची, औषध घेतलं का विचारायची. पण साडेसहाला कात्री घेऊन कुणी यायचं नाही. डब्यात पोळी-भाजी न्यायला लागली. लेट्यूस न कातरल्यामुळं वाढलं, त्यालाही मधून शेंडा सुटला, पानं कडू झाली. मला माहीत आहे, कारण मी एक खाऊन बघितलं.

मुलानं एकदा विचारलं, "आबा, तुम्ही तिला काही बोललात का?"

"शेतीचं बोललो."

"ती काही सांगत नाही."

"मग झालं तर."

बायको मात्र काहीच म्हणाली नाही. ती टोमणा मारत नाही तेव्हा समजायचं की ती खरंच रागावली आहे.

माघ निम्मा झाला. दुपारी ऊन तापायला लागलं. पहिल्या फुलांच्या पाकळ्या गळाल्या आणि छत्र्यांच्या टोकांना बारीक हिरवे गोळे दिसायला लागले. मी आठवडाभर हात लावला नाही. मग एक दिवस दुपारच्या चहाच्या वेळी खिडकीकडच्या क्रेटमधली एक छत्री बोटांत धरून चुरडली. भुसा. दुसरी चुरडली. भुसा. दाणा धरल्यासारखं दिसत होतं, पण आत काही नव्हतं, नुसतं टरफल. पोचट. मधल्या क्रेटचंही तेच. मी एकेक छत्री बघत गेलो. दहा-बारा छत्र्यांत एखादा दाणा भरलेला, तोही एका बाजूनं.

भिंतीकडचा क्रेट शेवटी बघितला. त्याच्या अलीकडच्या अर्ध्या भागात दाणे भरले होते. टणक, गोल, जोडीजोडीनं, रानात भरायचे तसे. पलीकडचा अर्धा भाग पोचट. मध्ये रेघ ओढल्यासारखा फरक होता. मी तिच्या जागी उभा राहून हात पुढं करून बघितला. माझ्यापेक्षा ती ठेंगणी आहे, त्या मानानं अंदाज केला. तिचा हात पोचला होता तिथपर्यंत दाणे होते.

मी स्टुलावर बसलो. बायको चहा घेऊन आली.

"काय झालं?"

"काही नाही."

तिनं कप खाली ठेवला. खिडकीकडची एक छत्री तोडून तळहातावर चुरडली, फुंकर मारली. तळहात रिकामा झाला. मग भिंतीकडची एक घेतली. फुंकर मारल्यावर चार दाणे तिथंच राहिले. पालेभाजीच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई ती, तिला समजवायची गरज नव्हती.

"हे कुणी भरलं?"

मी चहा प्यायलो.

"आता?" ती म्हणाली.

तिला काय सांगणार? भरलेले सगळे दाणे मिळून चार-पाच चिमटी होणार. त्यावर हे वाण टिकलं असतंही, नसतंही. कुठं उंदरानं खाल्लं, कुठं एका सालाची उगवण चुकली की संपलं. पण अजून थोडं हातात होतं. खालच्या फांद्यांना उशिरा शेंडे सुटले होते, तिन्ही क्रेटमध्ये, आणि त्या छत्र्या आता कुठं उघडत होत्या. आठ-दहा दिवसांची फुलं. पाकळ्या पडल्या की तेही गेलं.

ब्रश सुनेच्या बॅगेत होता. मागितला असता तर तिनं एक शब्द न बोलता काढून दिला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मागवेना. संध्याकाळी दोघं आली, आम्ही जेवायला बसलो. बायकोनं मला वाढलं, तिला वाढलं, मुलाला वाढलं, आणि त्या भरलेल्या दाण्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते मी काढायचं, असं तिचं म्हणणं असावं. मी दोनदा सुनेकडं बघितलं. ती मुलाशी त्यांच्या कामाचं काहीतरी बोलत होती, अर्धं इंग्रजीत. मी हात धुवून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी मुलाच्या हत्यारांच्या डब्यातून स्क्रू पिळायचा पेचकस काढला, स्टूल गॅलरीत नेलं, काचा सरकवल्या आणि जाळीच्या चौकटींचे स्क्रू काढायला लागलो. त्या माणसानं ते कायमचे राहायचे म्हणून बसवले होते. पहिली चौकट निघाली तेव्हा गार वारा आत आला आणि फुलं हलली. उगवल्यापासून ती झाडं पहिल्यांदाच हलत होती. दुसरी चौकट काढून मी सोफ्याला टेकवत होतो, तेवढ्यात सून बॅग घेऊन आली.

"मामाजी, जाळी काहून काढता? कबुतरं येतील ना."

"येऊ दे. राखणीला मी आहे."

"दिवसभर?"

"मला कंपनीची बस नाही."

मी तिसऱ्या चौकटीचा स्क्रू पिळत होतो. हातात काम असलं की बोलणं सोपं जातं.

"भिंतीकडच्या क्रेटमध्ये दाणे भरलेत," मी म्हणालो. "निम्म्यात."

ती वाकली, छत्र्यांना बोट लावून बघितलं. "इथपर्यंतच आहेत जी."

"हो."

"माझा हात तिथपर्यंतच पोचते."

"ते दिसलं मला. बाकीचं पोचट आहे. तुझं बरोबर होतं."

हे वाक्य मी तोंडात स्क्रू धरून बोललो, पण तिला कळलं. तिनं बॅग खाली ठेवली आणि चौकटीचं दुसरं टोक धरलं. आम्ही ती दोघांनी मिळून खाली घेतली. मग तिचं लक्ष तिच्या क्रेटकडं गेलं. लेट्यूस कमरेएवढं उंच झालं होतं, टोकाला बारीक पिवळ्या कळ्या.

"हे काढून टाका आता. कडू झालं. जागा अडवून राहिलं उगाच."

"राहू दे," मी म्हणालो. "त्याचंही बी धरू. डबा मोठा आहे."

खाली बसचा हॉर्न वाजला. ती निघाली, दारापर्यंत गेली, परत आली आणि माझी कानटोपी खुंटीवरून काढून स्टुलावर ठेवून गेली.

मी वर्तमानपत्राची सुरळी केली आणि बसलो. आठ वाजता कठड्यावर दोन कबुतरं आली. सुरळी आपटली, उडाली, समोरच्या बिल्डिंगवर बसून बघत राहिली. खालच्या मजल्यावरून आवाज आला, "काय हो, जाळी काढलीत?" मी म्हणालो, "पाहुणे यायचेत." साडेनऊच्या पुढं ऊन क्रेटवर आलं तेव्हा एक माशी आली, बारीक, तपकिरी, चित्रातल्यासारखी चकचकीत नव्हे. लेट्यूसच्या कळ्यांवरून गेली, भिंतीवर आपटली, मग खिडकीकडच्या एका छत्रीवर उतरली आणि एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, सावकाश फिरायला लागली. मी हललो नाही. बाराला बायकोनं माझं ताट तिथंच आणून दिलं.